गाठ दुखत नसेल तर ती कॅन्सरची नसते, हे खरं आहे का?

नाही, उलट सुरुवातीच्या कॅन्सरच्या गाठी बऱ्याचदा अजिबात दुखत नाहीत, म्हणूनच लोक त्या महिनोन्महिने अंगावर काढतात. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते नुसतं हाताने चाचपून ठरत नाही. खात्री बायॉप्सीनेच होते, म्हणजे गाठीचा छोटासा तुकडा, बऱ्याचदा सुईने, काढून तपासल्यावरच. (सुई टोचल्याने कॅन्सर पसरेल या भीतीने ती टाळू नका. तसं होणं अत्यंत दुर्मिळ आहे.)

तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, आवाज बसलेलाच राहिला, शौचातून रक्त गेलं, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा कारण नसताना वजन उतरलं, तरीही डॉक्टरांना दाखवा.

कॅन्सरचं कारण म्हणाल तर पेशींच्या डीएनएत साठत गेलेले बिघाड. वय, तंबाखू, दारू, काही विषाणू यांमुळे ते वाढतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि त्यावर लस आहे, हे अजून कितीतरी जणांना ठाऊकच नसतं!

उपचार कॅन्सरचा प्रकार आणि टप्पा पाहून ठरतात. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो, हार्मोनची औषधं, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार). कधी एकच, कधी दोन-तीन मिळून. ओळखीतल्या कुणाला केमो दिली म्हणून तुम्हालाही ती लागेलच असं नाही.