रायफलचे हप्ते आणि शेवटच्या वीस गोळ्या

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला, खेळ १० मीटर एअर रायफल. सरावात ६२५, स्पर्धेत ६१५, आणि दर वेळी दहा-दहा गोळ्यांच्या शेवटच्या दोन सिरीज घसरतात. रायफल पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली. आता खेळ सोडवून नीटचा क्लास लावावा का, असं विचारताय.

आधी हिशेब करू. १० गुण कमी, तेही शेवटच्या २० गोळ्यांत, म्हणजे गोळीमागे अर्धा गुण. याला कच्चा खेळ म्हणत नाहीत. पहिल्या ४० गोळ्या ती खेळते, मग बेरीज करायला लागते. एवढे पडले तर संघात निवड, मग खेळाडू कोट्यातून नोकरी, मग हप्ते. समोर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! सवयीनं आपसूक दबणाऱ्या ट्रिगरवर ती मुद्दाम लक्ष ठेवते, तिथं बोट अडखळतं. होल्ड, म्हणजे नेम धरून थांबणं, लांबतो, डोळा थकतो, छातीतली धडधड रायफलीत उतरते.

तुम्ही लिहिता, 'मी कधी ओरडत नाही, मागं उभा राहून स्क्रीनचे फोटो तिच्या आईला पाठवतो, एवढंच.' अहो, तेच तर! पाठमोरी असली तरी तिला ते कळतं. (रेंजवर मुलांपेक्षा पालकच जास्त घामाघूम झालेले मी पाहिलेत.)

तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातला, राधानगरीच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २०१५ मध्येच रेल्वेत टीसी म्हणून नोकरीला लागला. ऑलिंपिकचं कांस्य आलं २०२४ मध्ये. घर चालवायचा भार पदकावर नव्हता. मनू भाकर टोकियोत वैयक्तिक अंतिम फेरीतही पोचली नव्हती. पॅरिसहून दोन पदकं घेऊन आली. दोन-चार स्पर्धांवरून खेळ सोडवू नका. बारावी मात्र व्यवस्थित होऊ द्या, म्हणजे पोट रायफलीवर अवलंबून राहणार नाही. आणि नीटची परीक्षा तिला हवीय की तुम्हाला, हे पत्रात कुठंच नाही. तिलाच विचारा.

प्रशिक्षकांना सांगून दर शनिवारी पूर्ण ७५ मिनिटांची मॅच लावा, मागं अनोळखी माणसं उभी करून. एकूण बेरीज तिच्या मॉनिटरवर दिसणार नाही असं बघा. कर्जाचा विषय तिच्यासमोर बंद. घरी आल्यावर 'किती पडले?' हा पहिला प्रश्न नको, जेवायला वाढा.

'पुढच्या स्पर्धेला मी येऊ का?' असं तिला विचारा. 'नको' म्हणाली तर रेंजबाहेर चहाची टपरी असेलच. फोन खिशात ठेवून तिथं बसा.