खाडीत एकट्याने मासेमारी करण्यासाठी आणि चिंबोऱ्या पकडण्यासाठी कोणती छोटी होडी घ्यावी?

आपण विचारले आहे की, बोरिवलीत राहून सुट्टीच्या दिवशी मनोरीच्या खाडीत, आणि पुढे जमल्यास वैतरणेत, एकट्याने गळ टाकायला व चिंबोऱ्या धरायला जायचे असेल, तर कयाक, हवा भरायची रबरी बोट आणि फायबरची होडी यांपैकी काय घ्यावे. माझे मत आधीच सांगतो: सुमारे १२ फूट लांब, निदान ४ फूट रुंद आणि जवळजवळ सपाट तळाची फायबरची होडी घ्यावी, सोबत वल्ह्यांची चांगली जोडी घ्यावी आणि इंजिनाचा विचार एक हंगाम वल्हवून झाल्यावरच करावा. गेली नऊ वर्षे मी याच खाडीत एकटा जात आहे आणि माझी पहिली होडी साफ चुकली होती, म्हणून कारणे जरा सविस्तर लिहितो.

चिंबोरीसाठी आपल्याकडे फग वापरतात, म्हणजे लोखंडी कडीला ओवलेले जाळे, त्याच्या मधोमध बांधलेले मुशीचे किंवा वामाचे तुकडे, आणि दोरीच्या वरच्या टोकाला खूण म्हणून थर्माकोलचा तुकडा वा रिकामी बाटली. फग तळाशी सपाट पडून राहतो आणि वर ओढला की त्याची झोळी होते. पण ओढताना हात मध्येच थांबला, तर झोळी सैल पडते आणि चिंबोरी कडीवरून निसटून जाते. त्यामुळे दोरी हातात आल्यापासून फग होडीत येईपर्यंत माणसाला एका बाजूला वाकून, दोन्ही हातांनी, न थांबता ओढत राहावे लागते. दोघे असतील तर दुसरा विरुद्ध काठाला सरकून तोल सांभाळतो. एकट्या माणसासाठी ते काम होडीच्या रुंदीलाच करावे लागते, आणि म्हणूनच मी लांबीपेक्षा रुंदीला अधिक महत्त्व देतो. अरुंद होडीत आठ फग उचलून होईपर्यंत आपले सगळे लक्ष तोलाकडेच गेलेले असते.

कयाक मी एका मित्राची दोन महिने वापरली. ती हलकी असते, एकट्याने उचलून गाडीच्या टपावर ठेवता येते आणि नुसत्या गळासाठी ती वाईट नाही. परंतु तिच्यात पाय पसरून बसावे लागते, आणि झोळीतून सुटलेली चिंबोरी नांग्या उगारून आपल्याच दोन पायांच्या मध्ये फिरू लागली की कयाकच्या बाकीच्या गुणांची आठवण राहत नाही. रबरी बोटीविषयी एवढेच सांगतो की, खाडीतल्या खुंटांवर, जुन्या दगडी बांधांवर आणि तिवरांच्या मुळांवर कालवे चिकटलेली असतात व त्यांची धार पात्यासारखी असते. काही मच्छिमार थर्माकोलचा तराफा करून एकटेच फिरतात, पण त्यांचे अंग लहानपणापासून पाण्याला सरावलेले असते; आपण त्यांची नक्कल करू नये.

आता चिखलाविषयी. माझी पहिली होडी १५ फुटांची, जुनी, जड आणि निमुळत्या तळाची होती. लाटा कापायला असा तळ चांगला, असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. फक्त खाडीच्या आतल्या भागात कापायला लाटाच नसतात. एका अष्टमीला सकाळी सातच्या सुमारास, पाणी उतरत असतानाच, मी तिवरांमधल्या एका अरुंद फाट्यात शिरलो. साडेनऊला तळ चिखलाला लागला आणि दहा मिनिटांत होडी एका कुशीवर कलली. वल्हे उभे रोवून पाहिले, तर ते हाताच्या मुठीपर्यंत आत गेले. कठीण जमीन जेमतेम चाळीस पावलांवर दिसत होती, पण त्या चिखलात उतरणे म्हणजे कमरेपर्यंत रुतणे. दुपारी अडीचला पाण्याने होडी पुन्हा उचलेपर्यंत, पाच तास, पाण्याच्या एकाच बाटलीवर, मी तिरक्या फळीला पाठ टेकून बसून होतो. सपाट तळाची होडीही चिखलात बसलीच असती, पण सरळ बसली असती, आणि हलकी असल्यामुळे तळ लागल्याचे कळताच वल्ह्याने रेटून मागे घेता आली असती. अशा वेळी होडीतून उतरू नये, हा नियम मात्र कोणत्याही होडीला लागू आहे.

त्या दिवशी बंदरावर एका जुन्या कोळी काकांनी मला समजावले की, आतल्या फाट्यात शिरायचे ते पाणी चढताना आणि बाहेर पडायचे ते पाणी उतरू लागण्याआधी. तिथीच्या पाऊणपट तास म्हणजे भरतीची ढोबळ वेळ, हा हिशेब आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतो. त्यानुसार चतुर्थीला दुपारी तीनच्या आसपास भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी येते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावीच, पण नवख्या एकट्या माणसाला असे दिवस सोयीचे पडतात, कारण मनोरीच्या खाडीचे तोंड पश्चिमेला आहे आणि दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा सरळ आत येतो. पाणी चढत असेल तर वारा व पाणी एकाच दिशेने जातात आणि खाडी शांत राहते. पाणी उतरत असेल तर दोन्ही समोरासमोर येतात, आखूड उभ्या लाटा उठतात आणि सपाट तळाची होडी त्यांत आपटत राहते. या होडीचा हा खरा दोष आहे. तो पत्करून, अशा वेळी खाडीच्या तोंडाकडे जायचेच नाही, असे मी ठरवले आहे.

जुनी होडी घेत असाल तर नाण्याने किंवा किल्लीने तिचा तळ ठिकठिकाणी वाजवून पाहावा. जिथे आवाज एकदम बद्द येतो, तिथे फायबरचे थर सुटलेले असण्याची शक्यता असते. इंजिन लावायच्या मागच्या फळीत बहुधा आत प्लायवुड असते आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून ते कुजते, म्हणून ती फळी दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहावी. बाकाखालच्या बंद पोकळ्या शाबूत आहेत ना, हेही तपासावे, कारण होडी पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवतात त्या याच पोकळ्या.

वल्ह्यांचा आग्रह यासाठी की, आपल्या खाडीत प्लॅस्टिकच्या पिशव्या इतक्या असतात की त्या इंजिनाच्या पंख्याला गुंडाळल्या जातात आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात चिखल ओढला जाऊन पाण्याची वाट बंद होते. पुढे इंजिन घेतलेत तर एवढ्या होडीला ३ ते ५ अश्वशक्तीचे पुरते. मात्र ते बंद करणारी दोरी मनगटाला बांधल्याशिवाय चालू करू नये, कारण एकटा माणूस पाण्यात पडला तर होडी त्याला सोडून निघून जाते. इंजिन बसवले की नोंदणी लागते आणि १ जून ते ३१ जुलै या काळातली मासेमारीबंदीही लागू होते. ती बंदी बिगरयांत्रिक होड्यांना नाही, तरी पावसाळ्यात मी माझी होडी उलटी करून ताडपत्रीखाली ठेवतो. नांगर नेहमी नाळेकडूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडूनच, टाकावा. ओढ असताना तो मागून किंवा बाजूने बांधला, तर पाणी काठावरून आत येते आणि छोटी होडी पाहता पाहता बुडते.

होडी ठेवायची जागा मात्र होडी घेण्याआधी ठरवावी. अशी होडी ७०-८० किलोंची असते, ती एकट्याने उचलत नाही, फार तर ओंडक्यांवरून सरकवता येते, तेव्हा ती बंदरावरच राहणार. त्यासाठी तिथल्या मच्छिमार सोसायटीला आधी विचारावे आणि कोणाचे खुंट व फग कुठे असतात, तेही त्याच भेटीत समजून घ्यावे. व्यवहार पक्का करण्याआधी, लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्याजवळच्या छातीभर पाण्यात उतरून, तळाला पाय न टेकवता होडीत परत चढता येते का, ते एकदा करून पाहावे. काठ उंच असेल तर चढता येत नाही. मला पहिल्या होडीत चढता आले नव्हते, आणि ते मला ती विकत घेतल्यानंतर कळले.