विमानतळावरच्या नोकरीची धास्ती आणि सहा महिन्यांचा कोर्स

खामला येथील एका आईने लिहिले आहे : ‘मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. विमानतळावर काम करायचे म्हणून एका खाजगी संस्थेचा सहा महिन्यांचा ग्राउंड स्टाफचा कोर्स करतो म्हणतो. विमानाला गाडी धडकल्याच्या बातम्या वाचल्यापासून मला धास्ती वाटते. त्याला अडवू का?’

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपली धास्ती अनाठायी नाही. एप्रिल 2025 मध्ये बेंगळुरूच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानाच्या नाकाखाली एक टेम्पो ट्रॅव्हलर जाऊन धडकली होती. विमान चालते असेल तर धोका आणखी वाढतो. ए-320 सारख्या प्रवासी विमानाचा पंखविस्तार सुमारे 35 मीटर असतो आणि वैमानिकाला बसल्या जागेवरून नाकाखालचा भाग दिसत नाही, त्यामुळे तिथे वाट सोडण्याची जबाबदारी नेहमी गाडीवाल्यावरच असते. विमानाच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा लाल दिवा लुकलुकू लागला, की इंजिन सुरू आहे किंवा होणार आहे असे समजून गाडी दूरच थांबवायची, हा तिथला पहिला धडा. नुसता आरटीओचा परवाना तिथे चालत नाही. वेगळे प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्यावरच आत गाडी चालवण्याची परवानगी मिळते. टॅक्सीवे (विमाने धावपट्टीकडे ये-जा करतात तो मार्ग) किंवा धावपट्टीवर जायचे असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाच्या टॉवरकडून रेडिओवर परवानगी घ्यावी लागते आणि मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते.

हे परत म्हणणे पोरखेळ वाटू शकते, पण 18 नोव्हेंबर 2022 रोजी पेरूमधील लिमा येथे उड्डाणासाठी वेग घेतलेल्या विमानासमोर सरावासाठी निघालेली अग्निशमन गाडी धावपट्टीवर आली आणि गाडीतील जवानांचे प्राण गेले. सराव ठरलेला होता, गाडीतली माणसे शिकलेली होती; उणीव राहिली ती आपसातील समन्वयात आणि रेडिओवरच्या नेमक्या भाषेत.

म्हणून मुलाला या क्षेत्रापासून अडवू नका, असेच मी म्हणेन. त्या कोर्सपासून मात्र जरूर अडवा. ग्राउंड स्टाफच्या नोकरीसाठी असे प्रमाणपत्र कायद्याने बंधनकारक नाही. हमखास नोकरीची जाहिरात करून भरमसाट फी घेणाऱ्या संस्थांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतली, तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची हवाई वाहतूक नियंत्रणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह परीक्षा त्याला देता येईल. वयोमर्यादा साधारण 27 वर्षांची असल्याने पदवीनंतर फार रेंगाळून चालणार नाही. अग्निशमनाची ओढ असेल, तर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच नागपुरात आहे. एकदा त्याला तिथे घेऊन जा. विमानदुरुस्तीची आवड असेल, तर नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातील विमानदुरुस्ती केंद्र घरापासून दूर नाही, मात्र त्यासाठी डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच प्रवेश घ्यावा लागेल.

एक बारीकशी गोष्ट. प्राधिकरणाच्या एअरपोर्ट ऑपरेशन्सच्या अधिकारीपदासाठीसुद्धा हलक्या वाहनाचा परवाना मागितला गेला आहे. तेव्हा मुलाला अठरा पूर्ण झाली, की तो काढून घ्या. सध्या त्याने गणिताकडेच लक्ष द्यावे.