पॅरिस सोडून फ्रान्समध्ये जुन्या आणि आधुनिक इमारती एकाच भागात कुठे बघता येतील?

तुम्ही लिहिलंय की पॅरिस बघून झालंय, हाताशी चार दिवस आहेत, जुनं-नवं दोन्ही बघायचंय आणि गर्दी नकोय. तर डोळे मिटून फ्रांश-कोंतेला जा. फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडला खेटून असलेला भाग. २०१६ पासून तो शेजारच्या बुर्गोन्यला जोडून एकच प्रांत केलाय, त्यामुळे नकाशावर जोडनाव शोधा. मी काही वर्षं स्वित्झर्लंडमधल्या बासेलला नोकरीला होतो, तिथून हे अगदी शेजारी, म्हणून तीन-चार फेऱ्या झाल्या. धंद्याने मी आरसीसी डिझाइनवाला. चर्चमध्ये शिरलो तरी आधी स्लॅबची खालची बाजू बघणार, हे लक्षात घेऊनच पुढचं वाचा.

मुक्काम बेझांसोंला करा. दू नदीने शहराला घोड्याच्या नालेसारखा वळसा घातलाय आणि नालेचं तोंड जिथे उघडं राहतं तिथे नेमका डोंगर आहे. त्यावर व्होबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याचा किल्ला. १६७४ च्या मे महिन्यात, म्हणजे रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालली होती तेव्हा, चौदाव्या लुईने हे शहर स्पॅनिशांकडून वेढा घालून घेतलं. वेढ्याची आखणी करणारा व्होबाँच, आणि नंतर किल्ला भक्कम करणाराही तोच. आपल्या गडांची सवय असलेल्या माणसाला हा किल्ला जरा जास्तच नीटनेटका वाटतो, पण तटावरून खाली नदीचा वेढा बघितला की जागा का निवडली ते आपोआप कळतं.

गावातली घरं जवळच्या शायूझच्या जंगलातल्या दगडाची. एकाच चिऱ्यात अर्धा भाग पिवळसर आणि अर्धा निळसर राखाडी असतो. पाऊस पडून गेल्यावर निळा भाग जास्त उठून दिसतो. कॅथेड्रलमधलं खगोलीय घड्याळ जाता जाता बघून घ्या. त्यापेक्षा वेळ द्या तो ललित कला संग्रहालयाला. बाहेरून ही एकोणिसाव्या शतकातली धान्य बाजाराची इमारत. आत मात्र, चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराच्या हाताखाली काम केलेल्या लुई मिकेलने उघड्या काँक्रीटचे रॅम्प आणि मजले उभे केलेत, एका पेटीत दुसरी पेटी ठेवावी तसे. लोक चित्रं बघत होते आणि मी काँक्रीटवर उठलेले शटरिंगच्या, म्हणजे ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे रेघोटे. नदीकाठी जपानी वास्तुकार केंगो कुमाचं २०१३ चं सिते दे आर हे कलासंकुल पण आहे, लाकूड आणि धातूच्या पट्ट्यांचा बुद्धिबळाच्या पटासारखं नक्षीकाम असलेला लांबलचक पडदा. छान आहे. अर्धा तास पुरे.

दुसऱ्या दिवशी आर्क-ए-सेनां. बेझांसोंहून लोकल गाडी जाते आणि स्टेशनसमोरच ते आहे. काय आहे? मिठाचा कारखाना! क्लोद-निकोला लदू या वास्तुकाराने १७७५ ते १७७९ मध्ये राजासाठी बांधलेला. मीठ मात्र इथलं नाही. खारं पाणी जमिनीखालून निघायचं ते सालँ-ले-बँ या गावात, आणि ते आटवायला लागणारं जळण तिथे संपत आलेलं. मग लदूच्या वेळच्या लोकांनी हिशेब केला की लाकूड वाहून नेण्यापेक्षा पाणी वाहून नेणं स्वस्त. झाडांचे बुंधे आतून पोखरून त्यांची २१ किलोमीटरची नळी टाकली आणि खारं पाणी शो नावाच्या मोठ्या जंगलाजवळ आणलं. सरकारी कामात असा सरळ हिशेब कुणी केला की मला फार आवडतं.

आराखडा अर्धवर्तुळाचा. व्यासावर मधोमध संचालकाचा वाडा, त्याच्या दोन्ही बाजूंना मीठ आटवण्याच्या शेड, आणि अर्धवर्तुळाच्या गोल कडेवर कामगारांची घरं. कुठल्याही घरातून बाहेर पडा, समोर संचालकाची खिडकी. वाड्याचे खांब जवळ जाऊन बघा. एक गोल दगड, एक चौकोनी, परत गोल, परत चौकोनी, असे रचलेत. उन्हं कलली की एकेका खांबावर सावल्यांच्या पायऱ्या पडतात. भिंतींवर दगडात कोरलेले कलंडलेले घडे आहेत, त्यातून दगडाचंच पाणी ओघळतंय. सगळ्याभोवती उंच भिंत, कारण मिठावर गाबेल नावाचा जबर कर होता आणि कुणी मूठभर मीठ जरी बाहेर नेलं तरी राजाचं नुकसान. दांडी आणि शिरोड्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. तिथली माहिती देणारी बाई लदूला ‘आदर्श नगराचं स्वप्न बघणारा’ म्हणत होती. मला ते सौंदर्य मान्य आहे, स्वप्न कुणाचं होतं याबद्दल शंका आहे. कारखाना १८९५ मध्ये बंद पडला. आता आत लदूच्या न बांधल्या गेलेल्या इमारतींच्या छोट्या प्रतिकृतींचं संग्रहालय आहे आणि चक्क राहायलाही मिळतं. वेळ उरला तर सालँलाही जा, जमिनीखालचं जुनं कमानदार तळघर आणि खाऱ्या पाण्याचा पंप बघायला.

आता मुख्य गोष्ट, तिसऱ्या दिवशी रोंशां, ल कॉर्ब्युझिएच्या चॅपलसाठी. बेलफोरहून रेल्वेने विसेक मिनिटं. गाव साधंच, एके काळी कोळशाच्या खाणींचं. स्टेशनपासून टेकडीवर चालत जायचं, चढ दमवणारा आहे. वर आधी एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर होतं, ते १९४४ च्या लढाईत पडलं. ल कॉर्ब्युझिएचं नवं चॅपल जून १९५५ मध्ये सुरू झालं. म्हणजे त्याचंच चंदीगडचं हायकोर्ट आणि हे एकाच वर्षातले. त्याच काळात, १९५१ ते ५४, त्याच्या पॅरिसच्या ऑफिसात पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जेजेत शिकलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी काम करत होते. २०१६ मध्ये रोंशां आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर ल कॉर्ब्युझिएच्या कामांच्या एकाच यादीतून जागतिक वारसा झाले.

चॅपलचं छत खेकड्याच्या कवचावरून सुचलं असं ल कॉर्ब्युझिए सांगायचा. खरोखर ती दोन पातळ टरफलं आहेत, प्रत्येक फक्त ६ सेंटिमीटर जाड, आणि मध्ये दोन मीटरच्या वर पोकळी. दक्षिणेची भिंत किल्ल्याच्या तटासारखी दिसते, पण ती आतून पोकळ, काँक्रीटच्या सांगाड्यावर जाळी मारून सिमेंट फवारलेली. पडलेल्या चॅपलचे दगड बाकीच्या भिंतींत भरलेत. आणि एवढं जड दिसणारं छत भिंतींवर टेकलेलंच नाही! भिंतींत लपवलेल्या खांबांवर ते उभं आहे आणि भिंतीच्या माथ्यावर चार बोटं फट ठेवलीय, तिच्यातून उजेडाची रेघ आत येते. फोटोत ही रेघ बघितली होती, तरी आत गेल्यावर मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो. जमीनसुद्धा सपाट केलेली नाही, टेकडीच्या उताराबरोबर वेदीकडे उतरते. पायांना कळतं.

मी गेलो त्या दिवशी पाऊस लागला. सगळे पूर्वेच्या बाजूला, जिथे छत पुढे आलंय आणि यात्रेसाठी उघड्यावरची वेदी आहे, तिथे आडोशाला थांबलो. एक सात-आठ वर्षांचा मुलगा मात्र पश्चिमेकडे पळाला आणि ओरडायला लागला, म्हणून मीही गेलो. अख्ख्या छताचं पाणी एका दुतोंडी गोमुखातून खालच्या कुंडात कोसळत होतं. कुंडात टोकदार ठोकळे ठेवलेत, पाणी त्यांच्यावर आपटून फुटत होतं. टेकडीवर पाण्याची टंचाई, म्हणून ही साठवण. पुस्तकात मी हे कुंड शोभेचं समजलो होतो. तेव्हा आकाश भरून आलं तर बेत रद्द करू नका, छत्री घ्या.

खाली उतारात इटालियन वास्तुकार रेन्झो पियानोने २०११ मध्ये नन्ससाठी बांधलेला मठ आणि प्रवेशघर आहे, टेकडीत इतकं दडवलेलं की वरून दिसतच नाही. त्यावरून तेव्हा भांडणं झाली होती. मला विचाराल तर त्याने गप्प बसायचं काम चांगलं केलंय.

चौथा दिवस बेलफोरला. किल्ल्याच्या कातळाला टेकून बसलेला बार्तोल्दीचा लाल दगडी सिंह, २२ मीटर लांब. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता याच माणसाची. तिथून ओदँकूरचं १९५१ चं चर्च गाठा, कारखान्यांच्या गावातलं. बाहेरून विशेष नाही, आत चित्रकार फेर्नां लेजेच्या जाड रंगीत काचांचा पट्टा आहे. लेजे कम्युनिस्ट होता, तरी पाद्र्यांनी त्यालाच काम दिलं.

रविवार टाळा. रोंशांहून परतायला मला स्टेशनवर जवळजवळ तीन तास बसायला लागलं, आणि गावात चहासुद्धा मिळेना. गाडी भाड्याने घेणार असाल तर प्रश्नच नाही. शाकाहारी असाल तर सगळीकडे कोंते चीज आणि बटाटे मिळतील, दोन दिवसांनी कंटाळा येतो. सोबत थोडी चटणी ठेवा.