इंदूरमध्ये घराच्या गच्चीवर हिरवळ लावली तर पर्यावरणाला खरंच फायदा होतो का?

होतो, पण 'झाडं प्राणवायू देतात' म्हणून नव्हे. एवढ्याशा हिरवळीचा प्राणवायू किरकोळच. खरं काम वाफेचं. पानांतून आणि मातीतून १ लिटर पाणी उडून जाताना साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे ०.६७ युनिट विजेइतकी. तेवढी उष्णता स्लॅबमध्ये मुरत नाही आणि रात्री गल्लीत परत येत नाही. आमच्या रामबागेतल्या गच्चीवर मे महिन्यात कुरडया वाळत घालायला आई चपला घालूनच जाते. वेलाखालच्या फरशीवर मात्र अनवाणी उभं राहता येतं.

पावसाळ्यात मातीचा थर पहिल्या सरींचं पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गटारं एकदम तुंबत नाहीत. टोरांटोनं २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छप्पर सक्तीचं केलं, त्यामागे हेही कारण होतं.

अडचण वजनाची. १० सेंमी ओली माती चौरस मीटरला १५० किलोच्या पुढे जाऊ शकते. जुनं घर असेल तर आधी इंजिनिअरला स्लॅब दाखवा, वॉटरप्रूफिंग करा, मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) मिसळा. आणि नळाला येणारं नर्मदेचं पाणीच ओतणार असाल तर लॉनचा बेत सोडा. कमी पाण्यावर जगणारी झाडं लावा, त्यांना भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बरंचसं पुरतं.