बशीतल्या किडनीपेशी : वाचकांचे प्रश्न

देवनारच्या कत्तलखान्यातून आणलेल्या बकऱ्याच्या किडनीपासून कल्चर केलं, म्हणजे तिच्या पेशी बशीत वाढवल्या. चार दिवस छान बहुकोनी पेशी दिसल्या, आठवड्याने सगळीकडे लांबुळक्याच. चूक कुठे झाली? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, विलेपार्ले)

त्या लांबुळक्या पेशी फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीच्या पेशी; बहुकोनी होत्या त्या किडनीतल्या बारीक नलिकांच्या. भरपूर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा, पेशींची वाढ करणारा द्रव) मिळालं की फायब्रोब्लास्ट नलिकांच्या पेशींना मागे टाकतातच, त्यामुळे खचून जाऊ नका. किडनी बर्फातल्या बफरमधून आणा. आवरण सोलून फक्त बाहेरचा भाग, कॉर्टेक्स, घ्या. कोलाजिनेजमध्ये (ऊती सुटी करणारं एन्झाइम) थोडाच वेळ ठेवा, म्हणजे नलिकांचे तुकडे शाबूत राहतात. सीरमही कमी करा.

एक जुनी युक्ती मला फार आवडते. पेशी ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमात नेहमीच्या एल-व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी त्याचं आरशातलं रूप, डी-व्हॅलिन, घालायचं. ते पचवणारं एन्झाइम किडनीच्या नलिकापेशींकडे असतं, फायब्रोब्लास्टकडे जवळपास नसतं. म्हणून फायब्रोब्लास्टची उपासमार होते. मात्र सीरम डायलाइझ केलेलं (पडद्यातून लहान रेणू काढून टाकलेलं) हवं, नाहीतर त्यातूनच एल-व्हॅलिन पोचतं. सगळ्या प्राण्यांच्या पेशींवर हे सारखं लागू पडत नाही, म्हणून आधी एकाच बशीत करून बघा.

एमडीसीके पेशींच्या थरावर फुगे आलेत. कल्चर टाकून द्यावं का? (परळ)

मुळीच नको! मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या निरोगी किडनीपासून ही एमडीसीके पेशीमालिका, म्हणजे बशीत पिढ्यानपिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, मिळवली. पेशी वरचं क्षार-पाणी खाली ढकलतात, बशीतून ते पुढे झिरपत नाही, म्हणून थर जागोजागी उचलला जातो. पेशी आपलं किडनीचं काम विसरलेल्या नाहीत, याची ही खूण आहे.

आमच्या पर्शियन मांजरीच्या किडनीत सिस्ट (द्रवाने भरलेल्या पिशव्या) निघाले. असल्या रोगट पेशी वाढवून काय हाती लागतं? (दादर)

बरंच काही. पर्शियन मांजरांत हा रोग बहुधा पीकेडी-१ जनुकातल्या दोषाने होतो. माणसांतही याच जनुकाचा दोष सर्वाधिक आढळतो. माणसाच्या पेशी वाढवताना दिसलं, की सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढलं की निरोगी पेशींची वाढ मंदावते, रोगट पेशींची उलट वेग घेते. शेजारच्या बशीत निरोगी पेशी नसत्या तर हा उलटा स्वभाव लक्षातच आला नसता. प्राण्यांवरच्या प्रयोगांनीही याला दुजोरा दिला, आणि सायक्लिक एएमपी कमी करणारं टॉल्व्हॅप्टन हे औषध या रोगासाठी जपानमध्ये २०१४ साली मंजूर झालं.

ते माणसांचं औषध आहे, मांजरीला स्वतःहून देऊ नका. आणि तिला पिल्लं होऊ द्यायची असतील तर थांबा : प्रत्येक पिल्लाला दोष मिळण्याची शक्यता साधारण निम्मी असते.