फ्रँकेल एकदाही हरला नव्हता, मग चौथ्याच वर्षी त्याला निवृत्त का केलं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फ्रँकेल या इंग्लंडमधल्या शर्यतीच्या घोड्याला एवढा मोठा का मानतात, आणि जिंकत असताना, अवघ्या चौथ्या वर्षी त्याला पैदाशीला पाठवण्यामागे फक्त पैशाची हाव होती का. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तिथे चित्र उलटं आहे. फ्रँकेलला एक वर्ष जास्त पळवलं गेलं, आणि ते वर्ष मिळालं म्हणूनच आपण आज त्याच्याबद्दल असं बोलतो.

२०११चा हंगाम संपला तेव्हा फ्रँकेल तीन वर्षांचा होता. नऊ शर्यती पळाला होता आणि नऊही जिंकला होता. इंग्लंडमध्ये असा घोडा हाताशी असला की बहुतेक मालक त्याच हिवाळ्यात त्याला स्टड फार्मवर, म्हणजे पैदाशीच्या ठिकाणी, हलवतात. कारण समजायला एकच आकडा पुरे आहे. फ्रँकेलने संपूर्ण कारकिर्दीत बक्षिसांपोटी जवळपास ३० लाख पौंड मिळवले. पैदाशीच्या पहिल्या हंगामात त्याची फी एका घोडीमागे १,२५,००० पौंड होती. म्हणजे चौदा शर्यतींत जे कमावलं, ते फक्त २४ घोडींच्या फीत वसूल. आणि पहिल्या हंगामात त्याच्याकडे शंभराहून जास्त घोड्या आल्या.

शिवाय थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. तसं जन्मलेलं शिंगरू स्टडबुकात, म्हणजे जातीच्या अधिकृत वंशनोंदीत, नोंदलंच जात नाही. प्रत्येक घोडीला प्रत्यक्ष त्याच्याकडेच न्यावं लागतं. त्यामुळे घोडा धडधाकट असणं, जिवंत असणं, हीच मालमत्ता. पाचशे किलोचं धूड ताशी साठ किलोमीटरने पळतं आणि त्याच्या पायाची नळी असते माणसाच्या मनगटाएवढी. एक चुकीचं पाऊल आणि सगळं संपलं. एप्रिल २०१२मध्ये सरावात फ्रँकेलच्या पुढच्या पायाला मार लागला, तेव्हा तो निवृत्त झाल्याची अफवा काही तासांत सगळीकडे पसरली होती. स्कॅनमध्ये पाय शाबूत निघाला, म्हणून पुढचं सगळं घडलं.

याची दुसरी बाजू पाहायची असेल तर फ्रँकेलच्या शेवटच्या शर्यतीत दुसरा आलेला सिरस देझेग्ल हा फ्रेंच घोडा पाहा. तो खच्ची केलेला होता. पैदाशीला उपयोग नाही, म्हणून तो नऊ वर्षांचा होईपर्यंत पळत राहिला. दोघेही अव्वल दर्जाचे घोडे. कोण किती वर्षं पळणार हे मात्र शर्यतीच्या मैदानाबाहेर ठरलेलं होतं.

मग चौथ्या वर्षी पळवायचं का ठरलं? मालक होते सौदी राजघराण्यातले प्रिन्स खालिद अब्दुल्ला, जडमाँट फार्म्स या घोड्यांच्या पैदास-संस्थेचे. घोडा त्यांच्या घरचाच, न्यूमार्केटजवळच्या बॅन्स्टेड मॅनर स्टडमध्ये ११ फेब्रुवारी २००८ला जन्मलेला. ट्रेनर हेन्री सेसिल. सेसिल हे दहा वेळा चँपियन ट्रेनर ठरलेले गृहस्थ, पण २००५मध्ये त्यांचे वर्षभरात फक्त बारा विजय झाले होते. जुळ्या भावाला ते कॅन्सरमध्ये गमावून बसले होते, आणि २००६मध्ये त्यांना स्वतःला पोटाचा कॅन्सर झाला. अनेक मालकांनी त्यांच्या तबेल्यातले घोडे काढून नेले, प्रिन्स खालिद यांनी मात्र आपले घोडे तिथेच ठेवले. फ्रँकेल त्या निष्ठेच्या पोटी सेसिलकडे आला असं मी मानतो. नावामागेही अशीच भावना आहे. बॉबी फ्रँकेल हे प्रिन्सचे अमेरिकेतले ट्रेनर नोव्हेंबर २००९मध्ये वारले, आणि त्यांचं नाव तबेल्यातल्या सर्वात आश्वासक शिंगराला दिलं गेलं.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो. २०१२मध्ये मी नोकरीसाठी लीड्सला होतो. वडिलांना पुण्याच्या रेसकोर्सचा भारी नाद. पैसे लावण्यापेक्षा घोडे बघण्याचा. पावसाळी हंगामात ते मला पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याशी उभं करून सांगायचे, घोडा अंगाने बघू नकोस, त्याची चाल बघ, कान बघ. सत्तरच्या दशकातल्या स्क्वाँडरर या घोड्याचं नाव निघालं की त्यांचा आवाजच बदलायचा. फ्रँकेल जवळच्याच यॉर्कला पळणार हे कळल्यावर मी रजा टाकली. २२ ऑगस्ट, बुधवार, जडमाँट इंटरनॅशनल स्टेक्स.

त्या दिवसाआधी फ्रँकेल एका मैलापलीकडे कधीच पळाला नव्हता. ही शर्यत सव्वा मैलाहून थोडी जास्त. आईकडून शंका होती. आई काइंड ही कमी पल्ल्याची वेगवान घोडी, तर बाप गॅलिलिओ २००१च्या दीड मैलाच्या एप्सम डर्बीचा विजेता. मुलात कोणाचं रक्त उतरलंय, याचा निकाल त्या दिवशी लागायचा होता. पॅडॉकमध्ये तो आला तेव्हा माझ्या शेजारचे लोक बोलायचे थांबले. गडद तपकिरी अंग, कपाळावर पांढरा ठिपका, मागचा भाग विलक्षण भरलेला. मी वडिलांचं ऐकून त्याचे कान बघितले. पुढे, स्थिर. सेसिल कठड्याच्या आत होते, हॅट घातलेले, इतके वाळलेले की कोट खांद्यावर लोंबत होता. उपचारांनी त्यांचा आवाज गेला होता, नुसती कुजबूज उरली होती.

शर्यत मैदानाच्या पलीकडच्या टोकाला सुरू होते, तिथलं फारसं काही दिसत नाही. घोडे वळणावर आले तेव्हा फ्रँकेल मागे होता. जॉकी टॉम क्वीली मालकाच्या हिरव्या-गुलाबी रंगांच्या पोशाखात, लगाम धरून शांत बसलेला. मग सरळ पट्टीवर तो बाहेरून पुढे यायला लागला. बाकीचे जॉकी हात चालवत होते, चाबूक काढत होते, आणि हा नुसता सरकत होता, जणू बाकीच्यांच्या पायाखालची जमीन वेगळी होती. शेवटचे दोन फर्लांग उरले आणि क्वीलीने त्याला मोकळं सोडलं. सात लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या सात लांबींनी, जिंकला. दुसरा फार्ह, तिसरा सेंट निकोलस ॲबी, आणि हे कुणी ऐरेगैरे नव्हते. सेंट निकोलस ॲबीने आदल्या वर्षी अमेरिकेत ब्रीडर्स कप टर्फ जिंकली होती. मी त्या रात्री वडिलांना फोन केला. बराच वेळ मला नीट सांगता येईना. त्यांनी एकच विचारलं, "चाबूक लागला का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग झालं."

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. १४ पैकी १४, त्यात दहा ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यती, हे आकडे तुम्हाला कुठेही मिळतील. घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्म या ब्रिटिश संस्थेने त्याला १४७ रेटिंग दिलं, त्यांच्या इतिहासातलं सर्वात जास्त. याआधी सी बर्ड या घोड्याचं १४५ होतं. पण मला विचाराल तर त्याचा मोठेपणा वेगात कमी आणि त्या वेगाला आवरायला शिकण्यात जास्त आहे. लहानपणी हा घोडा आगीचा लोळ होता. जॉकीचे हात ओढून काढायचा. मे २०११च्या तोंडावर, ३० एप्रिलला, न्यूमार्केटच्या '२००० गिनीज' या शर्यतीत तो सुरुवातीपासूनच सुटला, अर्ध्या वाटेवर बाकीच्यांच्या कितीतरी पुढे होता, आणि सहा लेंग्थने जिंकला. लोक वेडे झाले. पण लगेच जूनमध्ये ॲस्कॉटला सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्समध्ये त्याने फार लवकर जोर लावला आणि शेवटी झोफनी या घोड्यापुढे जेमतेम पाऊण लेंग्थ राहिला. एवढा निसटता विजय त्याला एकदाच, पदार्पणात, मिळाला होता. सेसिल, क्वीली आणि रोज पहाटे त्याच्यावर बसणारी तबेल्यातली माणसं, यांनी पुढचं वर्षभर त्याला थांबायला शिकवलं. त्याचा सावत्र भाऊ बुलेट ट्रेन सोबत पळायचा, पुढे गती द्यायला. २०१२मध्ये जून महिन्यात क्वीन ॲन स्टेक्समध्ये तो अकरा लेंग्थने जिंकला, आणि ती शर्यत पाहिलीत तर तुम्हाला गिनीजमधला घोडा सापडणार नाही. वेग तोच, पण आता तो हुकमात होता. ते चौथं वर्ष नसतं तर आपल्याकडे एका भन्नाट पण अर्धवट घोड्याची आठवण उरली असती.

त्याने कोणाला हरवलं हेही बघा. एक्सेलिब्रेशन या घोड्याशी त्याची पाच वेळा गाठ पडली आणि पाचही वेळा फ्रँकेल पुढे राहिला. २० ऑक्टोबर २०१२ला ॲस्कॉटमध्ये एक्सेलिब्रेशनला फ्रँकेल नसलेली क्वीन एलिझाबेथ स्टेक्स मिळाली, आणि त्याने ती जिंकली. त्याच दुपारी फ्रँकेल चँपियन स्टेक्समध्ये शेवटचं पळाला. पावसाने मैदान चिखलाचं, सुरुवातीला तो गेटमधून उशिरा निघाला, समोर चिखलात तरबेज सिरस देझेग्ल. पावणेदोन लेंग्थने जिंकला. तिसरा आला नॅथॅनिएल, जो १३ ऑगस्ट २०१०ला फ्रँकेलच्या पहिल्याच शर्यतीत अर्ध्या लेंग्थने दुसरा आला होता आणि मधल्या काळात किंग जॉर्ज ही मानाची शर्यत जिंकून मोठा झाला होता.

टीका करणाऱ्यांचे दोन मुद्दे मला मान्य आहेत. तो इंग्लंडबाहेर कधी पळाला नाही, आणि दीड मैलाची शर्यत त्याने कधी केली नाही. एप्समची डर्बी नाही, पॅरिसची आर्क ही शर्यत नाही. सेसिल यांनी २०११मध्ये त्याला डर्बीला नेलं नाही, त्या वेळच्या त्याच्या स्वभावाला तो पल्ला झेपला नसता, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो. सेसिल जून २०१३मध्ये गेले. फ्रँकेलचं पहिलं शिंगरू जन्मलं जानेवारी २०१४मध्ये, ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

पैदाशीत मोठे घोडे बऱ्याचदा निराश करतात, म्हणून त्या पहिल्या शिंगरांवर सगळ्यांची नजर होती. पहिली ग्रुप वन विजेती निघाली जपानमध्ये, सोल स्टिरिंग, २०१६च्या डिसेंबरात. मग क्रॅक्समनने बापाच्या शेवटच्या मैदानावर चँपियन स्टेक्स दोनदा जिंकली, २०१७ आणि २०१८मध्ये. २०२१मध्ये त्याच्या पोरांपैकी अडायार एप्समला डर्बी जिंकला, आणि त्याच वर्षी हरिकेन लेनने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर नेली. ब्रिटन-आयर्लंडमध्ये २०१०पासून सलग अकरा वर्षं गॅलिलिओ अव्वल सायर, म्हणजे ज्याच्या पोरांनी शर्यतींत सर्वाधिक कमावलं असा बाप, होता. २०२१मध्ये ती गादी त्याच्या मुलाने, फ्रँकेलने, घेतली. प्रिन्स खालिद त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. २०२४मध्ये फ्रँकेलची फी ३,५०,००० पौंडांवर पोहोचली. तेव्हा पैशाचा विचार नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो १६ वर्षांचा झाल्यावरही घोडीवाले एवढे पैसे मोजतात ते त्याची पोरं पळतात म्हणून.

२ ऑक्टोबर २०२२ला पॅरिसच्या लाँगशाँ रेसकोर्सवर पाऊस होता. मी पुण्यात घरी, वडिलांसोबत टीव्हीसमोर. फ्रँकेलची मुलगी अल्पिनिस्टा, करड्या रंगाची, दीड मैलाच्या आर्कमध्ये चिखल तुडवत पुढे आली आणि जिंकली. तेव्हा ती पाच वर्षांची होती. वडील तिचे कान बघत होते.